द्रुपदाबाईंची हाडं आणि माझं दुकान

वरवट बकालला मी औषधाचं दुकान उघडलं तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही. फार्मसीचा डिप्लोमा घेऊन, खामगावचं घर सोडून आलो होतो. पांढरा कोट घालून काउंटरमागे उभा राहायचो. पहिल्याच बाजाराच्या दिवशी एका बाईने आपल्या नातवाला माझ्यासमोर स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "बारीक काप भाऊ, लय वाढले." तिला मी न्हावी वाटलो होतो. त्या दिवशी कोट खुंटीवर गेला तो पुन्हा अंगावर आला नाही.

आता दुकान मुलगा बघतो. हाडांच्या औषधांसाठी त्याने वेगळं कपाट केलंय. त्यात आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. ती उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सलाइनमधून वर्षाकाठी एकदा द्यायचं इंजेक्शन आहे. हाड किती पोकळ झालंय ते मोजायचं यंत्र शहरात आहे आणि त्या यंत्राचा कागद घेऊन बायका दुकानात येतात. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हे बघतो आणि मला द्रुपदाबाई आठवतात. त्यांच्या वेळी हे काहीच नव्हतं. होत्या त्या खडूसारख्या पांढऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूल आणि गरम सुई. या एवढ्या भांडवलावर आम्ही बायकांची हाडं सांभाळायला निघालो होतो.

हे प्रकरण काय असतं ते आधी सांगतो. बाईची पाळी गेली की हाडातला जीव हळूहळू कमी होतो. बाहेरून काही दिसत नाही. माझ्या दुकानाला लागून डॉक्टर मुळे यांचा दवाखाना होता. ते पेशंटला समजावताना म्हणायचे, "बाई, घराची बल्ली कशी बाहेरून सागवान दिसते आणि आतून वाळवीने भुसा केलेला असतो, तसं आहे हे." मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. खुब्याचं ऑपरेशन तेव्हा दूरच्या मोठ्या शहरात होई, आणि म्हातारीला तिथवर नेण्याचा विचार कोणाच्या घरात होत नसे. पायाला वाळूच्या पिशव्या बांधायच्या, खाटेवर निजवायचं आणि वाट बघायची. कशाची, ते कोणी बोलत नसे.

द्रुपदाबाईंच्या धाकट्या जावेचं असंच झालं. द्रुपदाबाई गावातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या, साठी ओलांडलेल्या, उंच, ताठ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुलगे, दोन सुना, गडीमाणसं, सगळं त्यांच्या एका आवाजावर चालायचं. धाकटी जाऊ न्हाणीत पडली, पावसाळाभर खाटेवर झिजली आणि ज्वारी निघण्याआधी गेली. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी द्रुपदाबाई दुकानात उभ्या.

"मधूभाऊ, माह्या जावेले पाह्यलं ना तुम्ही?"

"हो बाई. फार वाईट झालं."

"मराचं मले भेव नाही. पण सुनेच्या हातानं पाणी प्याचं, सुनेनं कूस बदलून द्याची, असं जगणं मले नाही पाह्यजे. तिले आवाज देत पडलेली म्या पाह्यली. आवाज दिला का घरातले सारे बहिरे होत. हाड न मोडाचं काही औषध असंल तं काढा. जे असंल ते काढा."

मी त्यांना डॉक्टर मुळ्यांकडे पाठवलं. डॉक्टर नागपूरला शिकलेले, बोलायला फटकळ. त्यांनी तपासलं, दंडाला हात लावून बघितला आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. वर सांगितलं, "रोज उन्हात बसा आणि पायाने चाला. गोळीपेक्षा ते महत्त्वाचं आहे."

द्रुपदाबाई चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या त्या नाराज होऊन. "गोळी समजली. पण उन्हात बसाले मी काय कुरडई हाव?"

त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. त्यांच्या घरच्या बायका दिवसाउजेडी ओसरीवरही येत नसत. डोक्यावरचा पदर कपाळाखाली, आणि देवळात जायचं तर सकाळी माणसं उठायच्या आत. शेतात निंदायला जाणाऱ्या बायका दिवसभर उन्हात भाजायच्या आणि त्यांच्या ताटात दूध नसायचं. या घरात दुधाचे हंडे होते आणि ऊन उंबऱ्याबाहेर थांबायचं. एकाच गावात दोन्हींपैकी एकेक गोष्ट वाटून दिल्यासारखी होती, आणि हाडं दोन्हीकडे मोडत होती.

गोळ्या मात्र द्रुपदाबाई नेमाने नेऊ लागल्या. इतक्या नेमाने, की मीच बुचकळ्यात पडलो. एका माणसाने खायच्या गोळ्या इतक्या लवकर संपतात कशा? खुलासा त्यांच्या थोरल्या सुनेने केला. शांता तिचं नाव. मान खाली घालून बोलणारी, पण नजर तल्लख. ती एकदा तापाचं औषध न्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, "भाऊजी, त्या पांढऱ्या गोळ्या याच्याहून मोठ्या मिळत नाहीत काय? म्हशीले लहान पडतात."

"म्हशीला?"

"हाव. आत्याबाई कुटून ढेपीत टाकतात. आपल्या हातानं चारतात."

पुढच्या वेळी मी द्रुपदाबाईंना विचारलं, तर त्या मुळीच वरमल्या नाहीत. आमच्याकडच्या बायाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. त्या म्हणाल्या, "मी नाही खात. तोंडात चुना घोळवल्यावानी लागते. म्हशीले देतो, म्हैस दूध देते, दूध मी पेतो. औषध कुठी गेलं? माह्याच अंगात आलं ना?"

हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. "मधुकरराव, दुधाचा सल्ला मी तिला देणारच होतो. तिने तो आधीच अमलात आणला, फक्त फार लांबून."

मग त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या. पिवळ्या, पारदर्शक, मण्यासारख्या. चुन्याची चव नाही, गिळल्या की काम झालं. पण त्या दिवशी माझ्या दुकानात एका औषध कंपनीचा प्रतिनिधी बसला होता. हे लोक टाय लावून एसटीने गावोगाव फिरायचे, डॉक्टरांना नव्या औषधाची माहिती द्यायचे आणि जाता जाता दुकानात माल किती खपला ते बघायचे. या गृहस्थाच्या बॅगेत प्लास्टरचं एक हाड होतं, मधोमध कापलेलं. एक बाजू भरीव, दुसरी जाळीदार. द्रुपदाबाई आल्या आणि त्यांची नजर काउंटरवरच्या त्या हाडावर गेली.

"हे कोणाचं हो?"

"मॉडेल आहे आजी," तो म्हणाला.

"ते कुठचे? आपल्या गावचे तं नाहीत."

मी हसू आवरलं. प्रतिनिधीला मात्र श्रोता मिळाला होता. त्याने हाड उचललं, जाळी दाखवली आणि मी कपाटातून काढलेल्या बाटलीकडे बोट करून पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हटलं. शेवटी अभिमानाने, "अस्सल माशाच्या यकृतातलं तेल आहे."

द्रुपदाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. बाटली अजून माझ्याच हातात होती. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"मधूभाऊ, हा माणूस काय म्हणून राह्यला? यात मासोळी हाय?"

प्रतिनिधी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. बाटलीवर इंग्रजीत छापलेलं, ते वाचणारं त्या घरात कोणी नव्हतं. नाही म्हटलं असतं तर काम भागलं असतं, आणि त्या कॅप्सूलने बहुधा त्यांचं भलंच झालं असतं. पण विचारणारा माणूस डोळ्यांत बघून विचारतो तेव्हा आमच्या धंद्यात एकच उत्तर चालतं. आज हे खोटं, उद्या कुठलं?

"हो बाई. माशाचं तेल आहे."

 त्या बाहेर रांजणापाशी गेल्या, चूळ भरली, हात धुतले. खाल्लं काहीच नव्हतं, तरी. परत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं हे बरं केलं." आणि गेल्या.

पुढच्या बाजारापर्यंत ही बातमी शेजारच्या सोनाळ्यापर्यंत पोचली. ज्या ज्या माळकरी बाईच्या घरी पिवळी कॅप्सूल होती ती ती माझ्या काउंटरवर परत आली. एकीने तर खोकल्याचं औषध उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "यात काय बेडूक हाय?" डॉक्टर माझ्यावर चिडले. "खरं बोलायचं होतं तर निदान बारीक आवाजात बोलायचं!"

आता द्रुपदाबाईंना गोळी नको, कॅप्सूल नको आणि भीती मात्र तशीच. अशा माणसाला गरम सुई सापडायला वेळ लागत नाही.

सोनाळ्याला एक गृहस्थ बसत. कुठे शिकले ते कोणाला ठाऊक नव्हतं. लोक त्यांना गरम सुईवाले डॉक्टर म्हणत. ते कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेत देत. ते शिरेत गेलं की घशापासून तळपायापर्यंत अंगात ऊब पसरते, चेहरा लाल होतो. यात चमत्कार काही नाही, औषधाचा तो गुणधर्मच आहे. हाडाशी त्या उबेचा संबंध नाही. पण गोळी घेतली तर काही वाटत नाही आणि सुई घेतली तर अंगात चूल पेटते, मग माणसाने विश्वास कशावर ठेवावा? बायका त्यांच्या दारातून बाहेर पडायच्या त्या तुकतुकीत, टवटवीत. ते बघून रांगेतल्या बाकीच्यांचं निम्मं दुखणं तिथेच बरं व्हायचं.

डॉक्टर मुळे मला म्हणाले, "हे औषध वाईट नाही, पण ते अगदी हळूहळू द्यायचं असतं. घाई केली तर काळजावर येतं. त्यांना सांगणार कोण?" मी द्रुपदाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं मिळून मले चुना आणि मासोळी देत होते. तो माणूस तं ऊब देते."

एके दिवशी त्यांच्या घरची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, डॉक्टरांच्या दारात थांबली. बैलांच्या तोंडाला फेस. थोरला मुलगा नारायणराव आईला अक्षरशः उचलून आत घेऊन आला. त्या घामाने न्हालेल्या, ओठ पांढरे, मान टाकलेली. सोनाळ्याला त्या दिवशी गर्दी होती, सुईवाल्यांनी घाई केली होती. डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचा फटकळ चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी मला हाक मारली, मी औषधं घेऊन धावलो. नारायणराव भिंतीला डोकं टेकून उभा होता. एवढा आडदांड माणूस, पण पोरासारखा रडत होता. डॉक्टर नाडी सोडत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण द्रुपदाबाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने रंग परत आला. त्यांनी डोळे उघडले, आढ्याकडे बघितलं आणि समाधानाने म्हणाल्या, "आजची सुई लय जोरदार होती."

डॉक्टर उठून बाहेर गेले. हसायला की रडायला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग आत येऊन ते खाटेच्या कडेला बसले आणि प्रथमच मऊ आवाजात बोलले. "बाई, तुम्ही आज मरत होतात. हाड वाचवायला निघालात आणि जीव घालवून बसला असतात. पुन्हा तिकडे जाऊ नका. मी तुम्हाला काही देत नाही. गोळी नाही, सुई नाही. रोज सकाळी वावरात जा, पायाने फिरा, घरी या. पदर डोक्यावरून जरा मागे घ्या. एवढं कराल?"

"लोक काय म्हणतीन?"

"लोकांचा खुबा मोडत नाही तोवर लोक बोलतातच."

जीव जाता जाता राहिला म्हणून असेल, किंवा फुकटचं औषध आहे म्हणून असेल, त्यांनी ते मानलं. दमणीतून वावरात जायचं, दिवस चढेपर्यंत धुऱ्याधुऱ्याने, बांधाबांधाने चालायचं, संत्र्याच्या झाडांखालून परत यायचं. घरात गहजब झाला. नारायणराव माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "भाऊ, डॉक्टरले सांगा ना काही. गाव म्हणून राह्यलं, पोरं पोसत नाहीत म्हणून बुढी वावरात जाते." सालदार गडी वेगळेच हैराण. वर्षानुवर्षं मालकीण घरात आणि ते वावरात, असा सुखाचा संसार होता. आता मालकीण कपाशीच्या ओळी मोजायची. खूश फक्त सुना होत्या. शांता एकदा दुकानात येऊन आपणहून म्हणाली, "भाऊजी, डॉक्टरसाहेबाले म्हणा, औषध लय चांगलं हाय. संध्याकाळी पण द्या म्हणा."

द्रुपदाबाईंचा चेहरा उन्हाने रापला, चाल सुधारली. आणि मग उन्हाळ्यात, वखरलेल्या वावराच्या कडेला, त्या दमणीतून उतरताना पडल्या. बैल अचानक पुढे सरले. उंचावरून, कुशीवर, खुब्याच्याच बाजूला.

गावात आधी बातमी आली आणि नंतर दमणी. 'द्रुपदाबाईचा खुबा गेला' हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दवाखान्यासमोर माणसं जमली. नारायणराव खाट उचलायला दोघांना हाका मारत होता, एवढ्यात द्रुपदाबाई दमणीतून आपल्या पायाने उतरल्या. डावा हात उजव्या हाताने छातीशी धरलेला. गर्दीकडे बघून म्हणाल्या, "काऊन जमले बे? मेली नाही मी."

मनगट मोडलं होतं. पडताना हात टेकला होता. खुबा शाबूत. खामगावला नेऊन फोटो काढला, प्लास्टर घातलं.

श्रेय कोणाचं, यावर पुढे गावात बराच खल झाला. सोनाळ्याचे सुईवाले सांगत फिरले की खुबा वाचला तो आपल्या सुयांमुळे, आणि त्यांची रांग वाढली. द्रुपदाबाईंचा धाकटा मुलगा म्हशीच्या बाजूने होता. डॉक्टर मुळ्यांचं नाव कोणी घेतलं नाही, कारण त्यांनी काही दिलंच नव्हतं. मी स्वतः डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "कोणाला माहीत? चालल्यामुळे पायात बळ आलं असेल. हात टेकायचं सुचलं म्हणून खुबा वाचला असेल. वखरलेली काळी जमीन मऊ होती. दोन हात पलीकडे दगड असता तर आपण दोघं आज तिच्या घरी सांत्वनाला बसायला गेलो असतो." आयुष्यभर औषधं विकून मी जे शिकलो त्यात हे उत्तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं आणि दुकानासाठी सगळ्यात वाईट.

प्लास्टर कापायची वेळ जवळ आली तेव्हा द्रुपदाबाई एकट्याच दुकानात आल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसल्या. 

"मधूभाऊ, डॉक्टर तुमचं ऐकते. त्याले सांगता काय, हे पिलॅस्टर इतक्यात कापू नको म्हणा."

"का? दुखतंय का अजून?"

"नाही दुखत."

"मग?"

त्यांनी रस्त्याकडे बघून घेतलं, पदर सारखा केला.

"एका हातानं केस नाही बांधता येत. शांता बांधते. सकाळी फणी घेऊन मागं बसते, तेल लावते, आंबाडा घालते. भाकर पण तीच मोडून देते." त्यांनी केसांवरून उजवा हात फिरवला. "माय मेली तवा मी लहान होतो. तवापासून माह्या केसाले कोणाचा हात लागला नव्हता. सुनेले मी कधी जवळ बसू देलं नाही, अन् तिनं कधी मांगितलं नाही. आता बसते तं बोलते. तिच्या माहेरचं सांगते. इतले वर्ष झाले, मले तिच्या बहिणींची नावं ठाऊक नव्हती."

 मी म्हटलं, "बाई, प्लास्टर जास्त ठेवलं तर मनगट आखडेल. कापावंच लागेल."

"तेच म्हणतो. थोडं आखडू द्या."

मी शेजारी जाऊन डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला. प्लास्टर त्यांनी वेळेवरच कापलं, त्याला इलाज नव्हता. पण त्या वेळी शांताला मुद्दाम आत बोलावून घेतलं, आणि सासूच्या मनगटाकडे बघत अतिशय कडक आवाजात दोघींना बजावलं, "हात अजून कच्चा आहे. रोज सकाळी कोमट तेलाने चोळायचा. स्वतःचा स्वतः नाही, दुसऱ्याने. केस बांधताना हा हात वर न्यायचा नाही. कधी थांबायचं ते मी सांगेन. एक दिवस चुकला तर मी जबाबदार नाही."

मग त्यांनी ते कधी सांगितलंच नाही. द्रुपदाबाई त्यानंतर खूप वर्षं जगल्या. त्यांना मी किती तरी औषधं दिली आणि त्यातलं एकही त्यांनी सांगितलं तसं घेतलं नाही. ते तेल मात्र एक दिवसही चुकलं नाही, हे मला शांतानेच सांगितलं. ते माझ्या दुकानात मिळत नव्हतं. ती ते तेल्याकडून आणायची.